लसीकरणाचे खोटे कार्ड आणि आमचा मोती

मोती हे आमचे कुत्र्याचे पिल्लू. तो आमच्या घरी आला आणि सहाव्या दिवशी पहाटे दवाखान्यात दगावला. त्याला ज्या आजाराने नेले त्याचे नाव पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. मात्र तो आजार वेळेवर ओळखता आला नाही, याचे कारण एक खोटे कार्ड होते. ही फसवणूक कशी झाली हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण असे कार्ड हातात घेऊन आनंदाने घरी परतणारी आमच्यासारखी आणखी कुटुंबे असणार, याची मला खात्री आहे.

विक्रेत्याने सांगितले होते की पिल्लू तीन महिन्यांचे असून लसीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत. पिल्लाची आई पाहायला मिळेल का, असे मी विचारले तेव्हा ती दुसऱ्या घरी ठेवली आहे असे उत्तर आले, आणि पिल्लू मांडीवर येऊन बसल्यावर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. वयाच्या मानाने ते लहान दिसत होते, त्यावर "आईच लहान चणीची आहे" हे स्पष्टीकरण तयारच होते. लसीकरणाचे कार्ड मात्र त्याने स्वतःहून हातात दिले. त्यावर तीन तारखा, तीन स्टिकर आणि तीन सह्या होत्या, आणि ते पाहून आम्ही निर्धास्त झालो.

पहिला दिवस मोती घरभर धावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खाण्याकडे तोंड फिरवले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "जागा बदलली की असे होतेच, एक दिवस उपाशी ठेवा, पोट साफ होईल." एवढ्या लहान पिल्लाला उपाशी ठेवले तर त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरू शकते, हे मला नंतर समजले. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले. लसी झाल्या आहेत का, हाच डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न होता. कार्ड घरी राहिले होते, पण मी ठामपणे सांगितले की तिन्ही डोस झाले आहेत. त्या उत्तरावर विसंबून त्यांनी उलटी थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि त्रास वाढल्यास लगेच परत या, असे सांगितले. माझे ते एक वाक्य आजही मला झोपू देत नाही.

त्या रात्री त्याला पाण्यासारखे, रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले. त्यांना असा उग्र, विचित्र वास होता की तो एकदा आलेला माणूस विसरणार नाही. पहाटेपर्यंत त्याचे डोळे खोल गेले होते आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर परतत नव्हती. सकाळी दवाखान्यात विष्ठेची चाचणी केली आणि काही मिनिटांतच पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे पार्व्होच होता. रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सलाईन, प्रतिजैविके, उलटीवरचे औषध असे सर्व सुरू केले. हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा अशा दोन्हींवर एकाच वेळी हल्ला करतो, म्हणून शरीर स्वतः लढू लागेपर्यंत त्याला तगवून धरणे हाच उपचाराचा गाभा असतो, असे त्यांनी समजावले. वेळेत दाखल झालेली बरीचशी पिल्ले यातून वाचतात. आम्ही जवळजवळ एक पूर्ण दिवस गमावला होता.

त्याच सकाळी त्यांनी कार्ड मागवून घेतले. तिन्ही स्टिकरांवर बॅच क्रमांक एकच होता, आणि तिसरा डोस दिल्याची जी तारीख लिहिली होती त्याच्या कितीतरी आधी त्या बॅचची मुदत संपलेली होती. सहीखाली डॉक्टरांचे नाव नव्हते आणि नोंदणी क्रमांकही नव्हता. मग त्यांनी मोतीचे तोंड हलकेच उघडून दाखवले. दुधाचे मागचे दात अजून पुरते वर आलेले नव्हते. तो जेमतेम सहा आठवड्यांचा असावा. पहिला डोसच साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात. म्हणजे कार्डावरचे तीन डोस त्या वयाच्या पिल्लाला मिळणे शक्यच नव्हते. कार्ड खरे असते तरी एवढ्या लहान पिल्लाला उलट्या होत असताना पार्व्होची चाचणी करायलाच हवी होती, हेही त्यांनी प्रांजळपणे कबूल केले, आणि मला त्यांच्याबद्दल राग नाही.

मोती गेल्यावर मी विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने आम्हालाच दोष दिला. तुमच्याच घरात त्याला संसर्ग झाला असेल, असे तो म्हणाला. परंतु संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात आणि मोती दुसऱ्याच दिवशी आजारी पडला होता, म्हणजे तो आमच्याकडे येण्यापूर्वीच बाधित होता. हे मी सांगताच त्याचा सूर बदलला आणि त्याने "दुसरे पिल्लू मोफत देतो, आजच न्या" असा प्रस्ताव ठेवला. माझ्या मते मूळ फसवणुकीपेक्षाही हा प्रस्ताव अधिक निर्दय होता. हा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, त्यामुळे लस न झालेले दुसरे पिल्लू तिथे आणणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेवर सोडणे होते. मी नकार दिल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. कार्डाचे, जाहिरातीचे आणि संदेशांचे फोटो मी तोपर्यंत काढून ठेवले होते आणि ते तक्रारीसोबत जोडले.

घर स्वच्छ करणे हे त्या आठवड्यातले सर्वांत अवघड काम होते. हात धुण्याच्या अल्कोहोलयुक्त द्रवाने हा विषाणू मरत नाही. आधी सर्व घाण धुऊन काढावी लागते आणि मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण किमान दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. त्याचे अंथरूण आम्ही टाकून दिले. मुलाने त्याचा पट्टा ठेवून घेण्याचा हट्ट धरला, पण तो कापडी होता आणि तोही टाकावा लागला. स्टीलचे भांडे तेवढे ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पुन्हा पुन्हा धुऊन ठेवले आहे. मुलगा अधूनमधून कपाट उघडून ते पाहतो आणि दार लावून घेतो.