आधी सहल की आधी रुजू?

नव्या नोकरीची ऑफर येते तेव्हा पुढच्याच महिन्यातल्या सहलीची तिकिटं काढून झालेली असतात. माझ्या बाबतीत हे दोनदा घडलं. पहिल्या वेळी मी लगेच रुजू झालो आणि तिसऱ्या आठवड्यात नऊ दिवसांच्या रजेवर गेलो. दुसऱ्या वेळी रुजू होण्याची तारीखच सहलीनंतरची मागून घेतली. सहल रद्द करण्याचा विचार मी इथे धरलेला नाही. आपल्याबरोबर येणाऱ्यांनीही रजा जुळवून ठेवलेल्या असतात, आणि आधी ठरलेल्या सहलीपायी कुणाची ऑफर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. सांगायचं ते ऑफर आल्यावर आणि सही करण्याआधी. मुलाखतीच्या पहिल्या फेरीत हा विषय काढायची गरज नसते. रुजू झाल्यावर काढला तर मात्र आपण तो लपवून ठेवला होता असं समोरच्याला वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय नुसतं एचआरला सांगून भागत नाही. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांनाही त्याच मेलमध्ये घ्यावं.

पैशांपुरतं पाहिलं तर लगेच रुजू होणं बरं. पगार लवकर सुरू होतो, दोन नोकऱ्यांमध्ये खंड पडत नाही. पण तो फायदा दिसतो तेवढा नसतो, कारण नव्या माणसाच्या खात्यावर रजाच नसते. कायदेही बहुतेक असेच बेतलेले आहेत. जर्मनीत पूर्ण वार्षिक रजेचा हक्क सहा महिन्यांनी मिळतो. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षी दर महिन्याला वर्षाच्या रजेचा बारावा हिस्सा जमा करता येतो. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस कामाची अट होती, ती २०२० च्या नव्या कामगार संहितेत १८० दिवसांवर आली. तेव्हा तिसऱ्या आठवड्यातली रजा बहुधा बिनपगारीच जाते, किंवा पुढे जमा होणाऱ्या रजेतून उचल म्हणून मिळते. काही ठिकाणी मधले शनिवार-रविवारही त्यात धरतात आणि प्रोबेशन तेवढ्या दिवसांनी लांबवतात. हे दोन्ही प्रश्न सही करण्याआधी विचारून घ्यावेत. मी विचारले नव्हते. माझे मधले दोन दिवस कापले गेले.

तरी माझं मन फिरलं ते पैशांमुळे नाही. नव्या जागी पहिले दोन आठवडे परवानग्या मिळवण्यातच जातात. माझ्या कामाला पाच सिस्टिम लागायच्या. प्रत्येकीसाठी वेगळी विनंती, तिला मॅनेजरची मंजुरी, मग तात्पुरता पासवर्ड. चार सुरू झाल्या. पाचवीवर माझं रोजचं काम होतं, आणि तिचा पासवर्ड रजेच्या दुसऱ्या दिवशी आला. तीन दिवसांत वापरला नाही तर तो बाद होणार होता. ऑफिसचा लॅपटॉप मी घरी ठेवून गेलो होतो. परतलो तेव्हा तो पासवर्ड बाद झालेला, आणि वापर नाही म्हणून आणखी दोन सिस्टिमनी माझं खातं बंद केलेलं. पुन्हा त्याच विनंत्या, पुन्हा मॅनेजरकडे मंजुरीसाठी तेच मेल. बाई स्वभावाने चांगल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण तिसऱ्यांदा त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहताना फार अवघड झालं. सुट्टीवरून आलेला नवा माणूस आठवडाभर हातावर हात ठेवून बसलाय, हे आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होतं.

शिकलेलंही पुसलं गेलं होतं. जाण्याआधी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘महिनाअखेरची फाइल, आधी यांना विचारणे’, आणि पुढे एक बाण. ‘यांना’ म्हणजे कोणाला, ते काही केल्या आठवेना. आमच्याबरोबर रुजू झालेली बाकीची मंडळी तोवर एकमेकांच्या कामात मुरली होती.

दुसऱ्या वेळी मी तारीख अडीच आठवडे पुढे मागितली. उत्तर यायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस जड गेले, हे कबूल करतो. होकार मेलवर आला, त्यानंतरच जुन्या ठिकाणी राजीनामा दिला. या वाटेने जायचं तर हा क्रम बदलू नये. खर्चाच्या बाजूला अडीच आठवड्यांचा पगार गेला. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जुन्या कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो, म्हणजे नेमके प्रवासाचे दिवस उघडे पडतात. तेवढ्या काळासाठी मी स्वतः विमा काढला होता.

पण ती सुट्टी मोकळी होती. कुणाचं काम माझ्यासाठी अडलेलं नव्हतं, परत गेल्यावर काय सापडेल ही धास्ती नव्हती. रुजू झालो ते सलग कामाला लागलो. सगळ्या सिस्टिम दहाव्या दिवसापर्यंत सुरू झाल्या आणि सुरूच राहिल्या.

प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. घराचा हप्ता एकाच पगारावर चालत असेल, किंवा नव्या जागी प्रशिक्षणाची बॅच ठरावीक तारखेलाच सुरू होत असेल, तर आधी रुजू व्हावं आणि रजेच्या तारखा ऑफर लेटरमध्येच लिहून घ्याव्यात. सहल दोन-तीन दिवसांची असेल किंवा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असेल तरीही मी हेच म्हणेन. तोवर माणूस कामात रुळलेला असतो. पहिल्या महिन्यातली आठवडाभराची किंवा त्याहून मोठी सहल असेल तर मात्र, शक्य असल्यास, तारीख पुढे मागून पाहावी.

मागताना परतीच्या दिवसानंतर एक दिवस रिकामा धरून मागावी. मी रविवारी रात्री परतलो आणि मंगळवारी रुजू झालो. सोमवारी कपडे धुतले, कागदपत्रांच्या प्रती काढल्या आणि नव्या ऑफिसपर्यंतचा रस्ता एकदा जाऊन पाहून आलो.