जिवंत सुंगटं की लुअर? एका रविवारात खाडी करणाऱ्यांसाठी

मार्च ते मेअखेर बेळगाव, खानापूर, निपाणीकडून घाट उतरून खाऱ्या पाण्यात गळ टाकायला जाणाऱ्यांपुढे प्रश्न एकच असतो. गाडीच्या डिकीत जिवंत सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) बादली आणि एअर पंप न्यायचा की लुअरचा, म्हणजे कृत्रिम आमिषांचा, डबा? रॉड, रील, ब्रेड (विणीचा दोर) यांची माहिती तुम्हाला आहे असं धरतो. नेम जिताड्यावर (गोव्यात चणक) आणि तांबोशीवर आहे, आणि जायचं ते तेरेखोल, शापोरा, मांडवी किंवा कारवारच्या काळी नदीच्या खाडीत, हेही धरतो. खडकावरून कोकर किंवा सुरमई मारणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते इथे नको.

न्यायाने आधी सुंगटांची बाजू. जिवंत सुंगटावर मासा जास्त लागतो, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पाणी गढूळ असो, रात्र असो, जिताडा सुस्त असो, सुंगटाची धडपड आणि वास दोन्ही त्याच्यापर्यंत पोचतात. मांडणी साधी आहे. २० ते ३० पौंडी ब्रेड, त्याला एफजी गाठीने ४० पौंडी लीडर (टोकाचा जाड दोर) हातभर, २/० सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) आणि पाण्याच्या ओढीप्रमाणे ७ ते १५ ग्रॅमचं सरकतं शिसं. हुक शिंगाच्या बुडाखालून आडवा घालायचा. डोक्यात जो काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून गेला तर सुंगट तासभर उड्या मारतं, ठिपक्यातून गेला की त्याच क्षणी संपतं. ओढ जास्त असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेरात हुक घाला, नाहीतर ते भिंगरीसारखं फिरून लीडरला पीळ पाडतं.

सर्कल हुक वापरताना आपल्याकडच्यांची एक चूक ठरलेली. हिडकल धरणाच्या पाण्यावर कणकेच्या गोळ्याने रोहू धरण्याची सवय असते, म्हणून दोर ताणला की हात आपोआप हिसका देतो. इथे हिसका दिला की हुक तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड तसाच धरून रील सावकाश फिरवत राहायचं, हुक जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःच बसतो. मासा सोडून द्यायचा असेल तर हा मोठाच फायदा, कारण जखम लहान होते. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोजोगा मासा बहुतेक वेळा मादीच असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे निघालेली असते. लुअरच्या दोन तिरपाई (तीन टोकांच्या) हुकांनी तिचं तोंड फाटू शकतं. या बाबतीत सुंगटांना पूर्ण मार्क.

आता अडचण. आमची बादली बरेच दिवस माळ्यावर आहे ती हिच्यामुळेच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: पक्षातली तिथी घ्या, तिला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हिशेब मुंबईकडचा आहे. गोवा-कारवारला भरती थोडी लवकर लागते आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा, त्यामुळे चूक बऱ्यापैकी आपोआप भरून निघते. बेळगावहून रात्री तीनला निघून चोर्ला घाटाने मांडवीकाठी सहाला पोचणाऱ्याला अष्टमी ते दशमीच्या आसपासचा रविवार सोयीचा. कोवळ्या उन्हात पाणी उतरायला लागतं, कांदळवनातल्या बारक्या ओहोळांतून पिल्लं आणि सुंगटं बाहेर ढकलली जातात आणि जिताडा त्या तोंडाशी येऊन उभा राहतो. हा खेळ दीड-दोन तासांचा. मे महिन्यात साडेनऊनंतर उथळ पाणी इतकं तापतं की मासा खोल सरकतो, आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की फेकणंच कठीण होतं.

आता या सकाळी सुंगटं आणायची कुठून? पाग (फेकायचं गोल जाळं) टाकून धरायची तर ती ओहोटी संपताना, पाणी पात्रात आकसलेलं असतं तेव्हा सापडतात. पूर्ण भरतीला तीच सुंगटं कांदळवनाच्या मुळांत पसरलेली असतात. तिथे पाग मुळांना अडकून फाटतो आणि हाती येतात चार. म्हणजे मासा खायला येतो त्या वेळी सुंगट मिळत नाही, आणि सुंगट मिळतं तोवर मासा निघून गेलेला असतो. पहाटे मानशीच्या (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) जाळ्यात सापडलेली विकत मिळाली तरी ती एकमेकांखाली चेपलेली असतात, निम्मी तासाभरात आडवी होतात. शिवाय मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो. न विचारता तिथे गळ टाकायला उभे राहिलात तर शिव्या खाल आणि त्या रास्तच असतील. बेळगावच्या बाजारातून बर्फातली नेली तर ती मऊ पडलेली असतात, फेकतानाच हुकावरून निसटतात.

मिळालीच, तर ती जगवायची. २० अंशांच्या पाण्यात जितका प्राणवायू विरघळतो त्यापेक्षा ३० अंशांच्या पाण्यात साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी मावतो, आणि उन्हातली बादली ३० वर थांबत नाही. १५ लिटरला २५-३० सुंगटांपेक्षा जास्त नकोत. पंप सतत चालू, दर अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदलायचं, आणि तेही त्याच खाडीचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. बर्फ थेट टाकला की खारेपणा एकदम उतरतो, त्यानेही मरतात. बर्फाची बाटली झाकण घट्ट लावून सोडावी. पाण्यावर साबणासारखा फेस धरायला लागला तर खाली काही मेली आहेत असं समजा आणि ती लगेच काढा, नाहीतर उरलेल्यांचंही पाणी खराब होतं. हे सगळं जमतं, अवघड नाही. पण दीड तासाच्या ओहोटीतली चाळीस मिनिटं बादलीशी ओणवं होण्यात जातात, आणि जाऊन-येऊन सहा तास गाडी हाकलेल्या माणसाला ती चाळीस मिनिटं फार महाग पडतात. मोजमाप करून सांगत नाही, पण आम्हाला बादलीच्या दिवसांत गळ पाण्यात कमी आणि हात बादलीत जास्त, असंच होत आलं. परतीच्या वाटेवर सांडलेल्या पाण्याचा वास डिकीत पंधरा दिवस राहतो, ते वेगळंच.

शेंगाळ्याबद्दल (मिशीवाला कॅटफिश) दोन वाक्यं हवीतच. उन्हाळ्यात तळाला सोडलेलं सुंगट जिताड्याआधी बहुधा त्यालाच सापडतं. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवती आणि विषारी असतात, म्हणून हाताने न धरता पकडीने हुक काढा. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास हात बुडवून ठेवा, त्याने कळ उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला तर डॉक्टरच गाठा. लुअरला शेंगाळा क्वचितच लागतो.

लुअरची बाजू. पहाटे सहाला गाडीतून उतरलात की सहा वाजून पाच मिनिटांनी पहिली फेक पाण्यात. आमच्या दृष्टीने खरी किंमत याची आहे. शिवाय बादली नसल्याने पाय मोकळे राहतात. एका ओहोळाच्या तोंडावर दहा फेका, काही नाही तर पुढच्या ओहोळावर. दोन तासांत सहा-सात जागा तपासून होतात, सुंगटवाला एकाच ठिकाणी बसलेला असतो.

डब्यात तीन प्रकार पुरतात. १० ते ११ सेंटिमीटरचा, एक-सव्वा मीटर बुडणारा आणि थांबवल्यावर तिथेच तरंगून राहणारा मिनो, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक लुअर. चार इंची मऊ शेपटीवाला रबरी मासा, १० ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याला वजन असलेल्या हुकावर). आणि उजाडतानाच्या अर्ध्या तासासाठी पाण्यावर चालणारा एक लांबट ‘पेन्सिल’ लुअर. मिनोला दोन बारके झटके द्यायचे आणि मग तीन ते पाच सेकंद काही करायचं नाही. जिताडा त्या थांबण्यावर येतो. नवखा माणूस रील फिरवत सुटतो आणि मासा नाही म्हणतो. फेक ओहोळाच्या आत, वरच्या अंगाला टाकावी, म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर लुअर तोंडाशी येतो. आडवी फेकली तर फक्त बाजूने निघून जातो.

इथे मात्र लागल्याबरोबर हात घट्ट हवा. तांबोशी पहिल्या दोन मीटरांतच मुळांत शिरते, म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच वजनकाट्याला दोर लावून तीन-चार किलोवर बसवून ठेवावा, जागेवर अंदाजाने नाही. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नखं फिरवा, खरखरीत लागलं तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने मारा. कालवं घासली तरी हेच. मिनोबरोबर कारखान्यातून आलेले तिरपाई हुक बहुधा हलके असतात, मोठा जिताडा ते सरळ करतो. ते जाड तारेचे बदलून घ्या आणि अणीमागची टोकं पकडीने दाबून टाका. मासा सोडताना तुमचंही बोट वाचतं.

लुअरचेही जाच आहेत, लपवत नाही. चांगला मिनो स्वस्त नसतो आणि कांदळवन दिवसाला एखादा तरी गिळतं. अडकला तर रॉड वाकवून हिसडू नका, टोक मोडतं. रॉड सरळ त्याच्या रेषेत धरून मागे चालत जा. हाताने ओढायचंच तर ब्रेड लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा, बोटाला नाही. पाण्यात उतरून सोडवायला जाण्याआधी जागा कोणती ते बघा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यातही उभं राहू नये. केंड मासा रबरी शेपटी विळ्याने कापल्यासारखी अर्धगोल तोडून नेतो. दोनदा तसं झालं की रबर बाजूला ठेवा, मिनो लावा.

आणि गढूळ पाण्यात लुअरचं फारसं चालत नाही, हे मान्यच. जागेवर पोचल्यावर रॉडचं टोक पाण्यात बुडवून पाहा. हातभर खोलीपर्यंत दिसलं तर बिनधास्त लुअर. वीतभरातच दिसेनासं झालं तर सुंगटवाल्याचा दिवस आहे. इथे तिथीचा हिशेब लुअरच्या मदतीला येतो. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, ओढ कमी आणि पाणी निवळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळ ढवळून निघतो. भांगाला पाण्याची ओढ कमी म्हणून मासाही काहीसा मंद असतो, हे खरं, पण निवळ पाण्यातला मंद मासा पत्करला.

तेव्हा दोन रात्री मुक्काम असेल, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे पाहुण्यांचं घर असेल, संध्याकाळच्या ओहोटीला पाग टाकून सुंगटं मोठ्या टपात रात्रभर हवेवर ठेवता येत असतील, किंवा बरोबर फेकायला कंटाळणारी मुलं असतील, तर सुंगटंच न्या. मासा जास्त मिळेल, घरी न्यायलाही होईल. उधाणाचाच रविवार वाट्याला आला तरी तेच: उजाडताना पाणी तळाला गेलेलं असतं, पाग चालतो आणि पुढची चढती भरती मोकळी मिळते. पहाटे निघून दुपारी घाट चढणाऱ्याने मात्र, आमचं ऐकणार असाल तर, बादली घरी ठेवून तो पैसा चांगल्या दोन मिनोंत आणि जाड हुकांत घालावा.

मेमध्ये दुपारी दोननंतर आभाळ भरून गडगडायला लागलं तर काय लावलंय ते न बघता रॉड खाली ठेवा. कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते, आणि उघड्या बांधावर तुमच्याइतकं उंच दुसरं काही नसतं. निघताना लुअर आणि रील घरून नेलेल्या बाटलीतल्या गोड्या पाण्याने तिथेच धुऊन घ्या. घाट चढून घरी येईपर्यंत थांबलात तर हुकांवर तांबूस गंज धरायला सुरुवात झालेली असते.