सोलापुरात ॲक्सिडेंट क्लेमचा वकील: कधी गाठायचा आणि कसा ओळखायचा

पाचपैकी साडेचार स्टार. वकीलसाहेबांचं नाव इथं टाकत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमानंच बंदी आहे आणि ते स्वतःच म्हणाले नाव नको. पण त्यांनी काम कसं केलं ते लिहितो, म्हणजे तुम्ही ज्या कुणाकडं जाल तो माणूस कामाचा आहे का नाही हे तुम्हाला पहिल्या भेटीतच कळेल.

केस आमच्या दाजींची. यंत्रमागावर काम करतात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. रात्रपाळी सुटून टूव्हीलरवर घरी येताना राँग साइडनं आलेल्या कारनं उडवलं, उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसवली. जीव वाचला हे खरं, पण मागावर काम करणाऱ्याचं सगळं पोट त्या मनगटावर असतंय ओ.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी वॉर्डाबाहेर एक माणूस येऊन बसला, गोड बोलायला लागला, ताईला म्हणाला या चार कागदांवर सह्या करा, कोर्टात यायची पण गरज नाही, पैसे निघाले की तिसरा हिस्सा आमचा. कागद कोरे होते. ताईनं सही केली नाही, मला फोन केला, आणि तिथंच अर्धी केस वाचली असं मी म्हणतो. कारण वकिलाला क्लेमच्या रकमेत हिस्सा घ्यायला परवानगीच नाही, निकालावर फी ठरवता येत नाही, आणि असा माणूस लावून पेशंट गोळा करायला पण नाही. जो वॉर्डात येऊन केस मागतो त्याला केस देऊ नका. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर तर अजिबातच सही नाही, कितीही ओळखीचा असूद्या.

मग एका कारखानदारानं हे वकीलसाहेब सांगितले. ऑफिस छोटं, बाहेर बाकडं, फायलींचे गठ्ठे. आत गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा एफआयआर किंवा डिस्चार्ज कार्ड मागितलं नाही. खिशातून रुमाल काढला, त्याच्या कडेचा एक दोरा उसवून तोडला आणि दाजींच्या पुढं धरला, म्हणाले, "मालक, तार तुटली तर कशी जोडता, दाखवा बरं." दाजींनी प्रयत्न केला. अंगठा आणि बोट जुळलं पण मनगट वळेना, गाठ बसेना, दोरा खाली पडला. वकीलसाहेबांनी तेवढंच वहीत लिहून घेतलं आणि मग बाकीचं विचारायला लागले.

ते का, हे नंतर समजलं आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून नीट लिहितो. डॉक्टर सर्टिफिकेटवर अपंगत्व लिहितात समजा १० टक्के. विमा कंपनीवाले तोच आकडा धरून बसतात. पण सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार म्हणून निकाल आहे, त्यात स्पष्ट सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती हे बघून थांबायचं नाही, त्या माणसाच्या कमाईवर त्याचा परिणाम किती झाला ते बघायचं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचं मनगट थोडं कमी वळलं तर पगार तोच राहतो, पण माग चालवणाऱ्याला तुटलेली तार जोडता आली नाही, धोट्यात कांडी बदलता आली नाही तर त्याला कोण कामावर ठेवणार?

हिशोब करून बघा. समजा वय ३८, कमाई महिन्याला १२ हजार. कायम नोकरी नसलेल्या ४० च्या आतल्या माणसाला पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जास्त धरतात, २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणं, म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. ३६ ते ४० वयाला गुणक १५ (म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा), तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. झाले ३० लाख २४ हजार. आता याच्यावर १० टक्के नुकसान धरलं तर ३ लाख २ हजार ४००, आणि कमाईचं नुकसान ३० टक्के आहे हे सिद्ध झालं तर ९ लाख ७ हजार २००. दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेला पगार हे वेगळंच. माणूस तोच, हात तोच, आणि फरक ६ लाखांचा. कंपनीचा माणूस घरी येऊन लाख-सव्वा लाखात मिटवू म्हणतो तेव्हा हे डोक्यात असू द्या.

आता अडचण कुठं येते तर कमाई दाखवताना. आपल्याकडं मागवाल्यांना पगार आठवड्याला हातात मिळतो, स्लिप नाही, बँकेत एंट्री नाही. मोठमोठ्या शहरातल्या क्लेममध्ये फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा मालकानं दिलेला दाखला) वगैरे लावतात, इथं काय लावणार? वकीलसाहेबांनी कारखान्याची हिशोबाची वही मागवली, ज्यात दाजींच्या नावापुढं दर आठवड्याची उचल आणि वाटप लिहिलेलं होतं, आणि कारखानदाराला साक्षीला तयार केलं. हे काम लगेच व्हायला पाहिजे. वर्षभरानं गेलात तर वही कुठंतरी रद्दीत गेलेली असते, कारखाना दुसऱ्याला भाड्यानं दिलेला असतो, बघणारा साक्षीदार गाव सोडून गेलेला असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ॲडमिट राहावं लागलं किंवा घरातला माणूस गेला, तर पहिल्या महिन्यातच वकील गाठा. केस जिंकायचे कागद तेव्हाच तयार होतात. आणि कायद्यात मुदत पण आलीय, १ एप्रिल २०२२ पासून ॲक्सिडेंटच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा दाखल करायचाय. ६ महिने उलटून गेले असले तरी कुणाच्या तोंडी ऐकून घरी बसू नका, मुदतीचा हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे, वकिलाला कागद दाखवाच.

अजून कधी वकिलाशिवाय जमत नाही ते सांगतो. पोलिसांच्या कागदात चूक तुमच्यावरच टाकली असेल तेव्हा. समोरच्या गाडीचा विमा संपलेला असेल किंवा ड्रायव्हरकडं लायसन नसेल तेव्हा. ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला धडकून झालं असेल तेव्हा तर नक्कीच, आपल्याकडं गाळप सुरू झालं की रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या विना रिफ्लेक्टर उभ्या असतात, आणि मग कंपनी म्हणते ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, तिथं भांडायला माहितगार माणूसच लागतो. आणि विजयपूर, इंडी तिकडं ॲक्सिडेंट झाला म्हणून कर्नाटकात हेलपाटे मारायचे नाहीत, तुम्ही सोलापूरला राहत असाल तर दावा सोलापूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात टाकता येतो.

आणि जिथं वकील नको तिथं हे साहेब स्वतःच नको म्हणतात, माझा विश्वास त्यानंच बसला. आमच्या पुढं एक पोरगा बसला होता, बंपर आणि हेडलाइट गेलेली, गुडघ्याला खरचटलेलं. त्याला म्हणाले, "बाळा, स्वतःच्या विम्यात क्लेम टाक, माझी फी कशाला घालवतो," आणि एक रुपया घेतला नाही. गाडी उडवून पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर त्यासाठी सरकारी योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं होतो, ते पण त्यांनी एका म्हाताऱ्या आजींना कागदावर लिहून दिलं. मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघाताला योजनेतल्या दवाखान्यात दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, ७ दिवसांपर्यंत, हे पण सुरू झालंय. दाजींच्या वेळी ते नव्हतं, म्हणून ताईला दागिने ठेवावे लागले.

दागिने पुरले नाहीत तर लोक सावकाराकडं जातात, हे लिहितानाच वाईट वाटतंय. त्या बाबतीत पण वकील वेळेवर पाहिजे. लायसन नसलेला सावकार त्रास देत असेल तर २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करायची. चेक बाउन्सची नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, घरावर कर्ज असून बँकेची जप्तीची नोटीस आली तर ६० दिवस, आणि हे दिवस नोटीस कपाटात ठेवून घालवायचे नसतात. आमच्या गल्लीतले एक मागवाले दिवाळखोरीचा अर्ज करू का म्हणून या वकीलसाहेबांकडं गेले होते. १९२० चा जुना कायदा अजून आहे, जिल्हा कोर्टात अर्ज होतो, पण साहेबांनी समजावलं की त्यात मालमत्ता कोर्टाच्या माणसाच्या ताब्यात जाते, आधी बँकेशी वन टाइम सेटलमेंटचं, म्हणजे ठरलेली रक्कम भरून कर्ज एकदाच मिटवायचं, बोला. कर्जाचा विषय यांचा मुख्य नाही, तरी सल्ला सरळ दिला.

आता अर्धा स्टार का कापला. फोन उचलत नाहीत. दिवसभर कोर्टात असतात हे मान्य, पण तारखेच्या आदल्या दिवशी तरी ज्युनिअरनं कळवायला पाहिजे की नको? दाजी खाडा करून कोर्टात जायचे आणि तिथं कळायचं की आज जज साहेब रजेवर. मी शेवटी ईकोर्ट्सचं ॲप टाकलं, केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर घातला की पुढची तारीख दिसते, मराठीत पण आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी वकिलाकडून तो नंबर मागून घ्या. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल मला तर शंका येते.

फीचं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं, टप्प्याटप्प्यानं, लिहून दिलं आणि पावती दिली. केस लोकअदालतीत मिटली. सही करायच्या आधी दाजींना बाजूला घेऊन दोनदा सांगितलं की इथं एकदा तडजोड झाली की अपील नाही, आकडा पटत नसेल तर आपण केस पुढं चालवू, घाई माझ्याकडून नाही. ताईला पण बोलावून विचारलं. रक्कम थेट दाजींच्या खात्यावर आली, मध्ये कुणाचा हात नाही. आकडा इथं टाकत नाही, पण घरी येऊन मिटवू म्हणणाऱ्यानं सांगितला होता त्याच्या कितीतरी पट आहे आणि ताईचे दागिने सुटले.

जाताना हे न्या: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, औषधांची सगळी बिलं (मेडिकलची छोटी चिठ्ठी पण फेकू नका), समोरच्या गाडीचा नंबर आणि पॉलिसी, आधार, आणि कमाईचा जो काही पुरावा असेल तो. ओरिजिनल कुणाकडंच सोडू नका, झेरॉक्स द्या.

आणि ज्यांच्याकडं फीला पैसेच नाहीत त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, जिल्हा न्यायालयातच आहे. तिथं वकील फुकट मिळतो. बायकांना, अपंगांना, एससी-एसटी लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत पाहिजे. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा. आपल्या विडी कामगार बायकांपैकी कितीतरी जणींना हे माहीतच नाही, त्यांच्यापर्यंत हे पोचवा.