तिथली वाइन तिथेच प्यावी की घरी आणावी?

वाइनची आवड असणारा माणूस फिरायला निघाला की त्याच्याकडे तीन गोष्टी मोजक्याच असतात: पैसे, पोटातली जागा आणि बॅगेतली जागा. द्राक्षमळ्यांच्या मुलखात जायचं असेल, तर कोणती वाइन तिथल्याच जेवणाबरोबर पिऊन मोकळं व्हायचं आणि कोणती कपड्यांत गुंडाळून घरी न्यायची, हे निघण्यापूर्वी ठरवलेलं बरं. बहुतेक जण यात उलटा कारभार करतात. जिला प्रवास सोसत नाही ती वाइन कौतुकानं बॅगेत भरतात, आणि जी कुठल्याही मोठ्या शहरात मिळते ती तिथल्या रेस्टॉरंटात बसून मागवतात.

जी तिथेच संपवायची

टोकाच्या उदाहरणापासून सुरुवात करू. शरद ऋतूत ऑस्ट्रियात श्टुर्म आणि जर्मनीत फेडरवायसर या नावानं एक पेय मिळतं. द्राक्षाचा रस आंबायला लागलेला असतो, पण आंबणं पुरं झालेलं नसतं. गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारं. त्यातलं यीस्ट अजून जिवंत असतं, साखर खात आणि गॅस सोडत असतं, त्यामुळे बाटलीला घट्ट झाकण लावण्याची सोय नाही. लावलंच तर बाटली फुटायची. झाकण सैल, बाटली कायम उभी, कानाजवळ नेली तर आतली बारीक सळसळ ऐकू येते. आडवी केली की सांडलीच. आज गोड लागलेला श्टुर्म दोन दिवसांनी कमी गोड आणि जास्त चढणारा होतो. जर्मनीत त्याच्याबरोबर कांदा घालून भाजलेला खारा, गरम केक खातात, आणि त्या गोड-चुरचुरीत घोटावर कांद्याची खारी चव फार छान बसते. हे घरी आणायचा प्रश्नच येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या भागात असाल तर नावाजलेली जुनी बाटली बाजूला ठेवा आणि आधी हे प्या.

व्हिएन्नाच्या कडेचे होयरिगर याच पठडीतले. वाइन करणाऱ्यानं आपल्याच अंगणात आपलीच वाइन विकायची, सोबत साधं थंड खाणं. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ मध्ये तशी परवानगी देणारं फर्मान काढलं, तेव्हापासून या प्रथेला कायद्याचा आधार आहे. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की आत वाइन मिळते असं समजायचं. जर्मनीतल्या अशाच हंगामी घरगुती गुत्त्यांना वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि ४० आसनं एवढीच मुभा असते. इथली वाइन बहुधा ताजी, हलकी आणि साधी. तीच बाटली घरी नेऊन पाहुण्यांसमोर उघडली तर ‘एवढं काय होतं हिच्यात?’ असं वाटण्याची शक्यता दांडगी. इटलीत टाकीतून सुटी मिळणारी, आपलंच भांडं नेऊन भरून आणायची वाइनही तशीच. हवा लागलेली असते, दोन-चार दिवसांत उतरते.

स्पेनमधली फिनो आणि मान्सानिया शेरी (शेरी म्हणजे वरून मद्यार्क घालून केलेली वाइन) मात्र सीमारेषेवर आहे. पिंपात वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा सायीसारखा थर धरतो आणि आतल्या वाइनला हवेपासून राखतो. बाटलीत भरताना ती साय मागेच राहते, आणि तिथून ताजेपणाची उतरण सुरू होते. मान्सानिया म्हणवून घेण्याचा मान फक्त समुद्राकाठच्या सानलुकार दे बारामेदात मुरलेल्या शेरीला. थंडगार मान्सानिया, सोबत तिथल्या ताज्या उकडलेल्या कोळंब्या: असा योग दुसरीकडे जुळवणं कठीण. तरी घरी हवीच असेल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्या, ती बाटलीत कधी भरली ते विचारा, आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा. कपाटात सहा महिने उघडी राहिलेली फिनो पिऊन ‘शेरी मला आवडत नाही’ म्हणणारे लोक असतात. त्यांनी शेरी अजून प्यायलेलीच नाही.

याच्या नेमकं उलट बोझोले नुव्हो, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांची फ्रान्समधली ताजी तांबडी वाइन. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती जगभर एकाच दिवशी विक्रीला यावी अशीच तिची सगळी आखणी असते. तिच्यापायी फ्रान्सला जाण्याचं काही कारण मला दिसत नाही.

तिथे जास्त चांगली का लागते?

‘तिथे काय लागली होती, घरी आणली तर तशी नाहीच’ ही तक्रार प्रत्येकानं ऐकलेली असते. दोष प्रवासाला दिला जातो. कधी तो खराही असतो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेली बाटली शिजल्यासारखी लागते. पण पुष्कळदा फरक बाटलीत नसतोच.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनच्या फळीपाशी एक दिवस फ्रेंच संगीत, एक दिवस जर्मन संगीत असं आलटून पालटून लावलं. फ्रेंच सूर वाजत असताना फ्रेंच बाटल्या जास्त खपल्या, जर्मन सूर असताना जर्मन; आणि संगीतामुळे आपण ही बाटली उचलली, असं बहुतेक ग्राहकांना वाटलंच नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाइन पाजली. ५ डॉलरची वाइन ४५ डॉलरची म्हणून सांगितली तर ती लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. एक सूर आणि एक आकडा एवढं करू शकतो, तर डोंगरउतारावरचा मळा, पायपिटीनंतरची भूक आणि स्वतः मालकानं ओतलेला ग्लास काय करत असेल!

ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. तो आनंद खराच असतो, फक्त तो बाटलीसोबत पॅक करून मिळत नाही. म्हणून खरेदीचा निर्णय टेस्टिंगच्या टेबलापाशी करू नये. तिथे सहा-आठ वाइन ओळीनं, जेवणाशिवाय, घोटभर चाखल्या जातात. अशा रांगेत जी सगळ्यात भडक, गोडसर, लाकडाचा वास मारणारी असते तीच उठून दिसते. जेवणाच्या ताटाशेजारी ती दोन घोटांत कंटाळा आणते. संध्याकाळी त्याच गावात जेवताना जी वाइन नकळत संपली, ती बाटली दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. मळ्यांमधून स्वतः गाडी चालवत फिरणार असाल तर चाखून थुंकणं हाच रिवाज आहे, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

जोडीतला कुठला भाग घरी मिळेल?

वाइनच्या मुलखात खाण्यापिण्याच्या जोड्या ठरून गेलेल्या असतात. एकाच मातीतलं एकमेकांना शोभतं, असं त्याचं कारण सांगतात. मला त्यात थोडी नंतर रचलेली गोष्टही वाटते, कारण शेकडो वर्षं लोकांना शेजारच्या गावापलीकडचं काही मिळतच नव्हतं. तरी काही जोड्या खरोखर जमलेल्या आहेत. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या मुखाकडची म्युस्कादे वाइन आणि ऑयस्टर, म्हणजे समुद्रातले कालवे. त्याच नदीकाठची सांसेर वाइन आणि शेजारच्या शाविन्योलचं बकरीच्या दुधाचं चीज. फ्रान्समधल्याच ज्यूरा भागातली व्हँ जोन वाइन आणि तिथलंच काँते चीज.

निर्णय घेताना मी बघतो ते असं: या जोडीतली खाण्याची बाजू माझ्या गावात मिळणार आहे का? ऑयस्टर उघडल्यावर लगेच खायचे असतात. ते नसतील तर म्युस्कादे ही एक बरी, हलकी, आंबटसर पांढरी वाइन, बस. ती तिथेच प्या. मात्र काँते हे महिनोन्‌महिने मुरवलेलं टणक चीज. ते अनेक शहरांतल्या चांगल्या दुकानांत मिळतं (बॅगेतून आणायचं तर आधी नियम बघा, दूध-मांसाच्या पदार्थांवर पुष्कळ देशांत बंदी असते). आणि व्हँ जोन तर पिंपात सहा वर्षं तीन महिने मुरल्याशिवाय विकताच येत नाही. हवेशी तिची ओळख आधीच झालेली असते, उघडल्यावरही ती कित्येक दिवस टिकते. तिची ६२ सेंटिलिटरची बुटकी बाटली बॅगेतही नीट बसते. अक्रोड, सुका मेवा, करी मसाल्यापर्यंत जाणारा वास अशी तिची विचित्र चव पहिल्या घोटाला अनेकांना पटत नाही, म्हणूनही घरच बरं. पंधरा दिवस थोडी थोडी पिऊन मत बदलायला वेळ मिळतो.

कधी कधी घर सरळ वरचढ ठरतं. रोजच्या जेवणात तिखट असेल तर जास्त अल्कोहोलची, तुरट तांबडी वाइन तोंडाची आग वाढवते. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट दर्जाची, म्हणजे हलक्या प्रतीची, रिझलिंग ही पांढरी वाइन घ्या: अल्कोहोल बहुधा ८-९ टक्के, थोडी साखर, भरपूर आंबटपणा. तिखटावर ती उतारा ठरते. खुद्द मोझेलकाठच्या पारंपरिक जेवणात मिरचीचा ठसका फारसा नसतो, म्हणजे या बाटलीला तिच्या जन्मगावी न मिळणारी सोबत तुमच्या ताटात मिळते. किआंती या इटलीतल्या तांबड्या वाइनचंही तसंच. सांजोवेझे द्राक्षाचा आंबटपणा टोमॅटोच्या आंबटपणापुढे मान टाकत नाही, मग तो टोमॅटो टस्कनीत शिजलेला असो की तुमच्या कढईत. एक सावधगिरी माशाबाबत. काही तांबड्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असतं, आणि त्यामुळे माशाबरोबर तोंडात हिवस, उग्र चव मागे राहते, असं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. मासे घरी वारंवार होत असतील तर तांबड्याऐवजी पांढरीला जागा द्या.

बॅगेत पहिली जागा कुणाला?

मदेराला. अटलांटिकमधल्या याच नावाच्या बेटावरची ही वाइन पूर्वी जहाजांच्या तळघरात उष्ण कटिबंधातून फिरून यायची आणि बिघडण्याऐवजी सुधारायची. आज साध्या प्रतीची मदेरा निदान तीन महिने ४५-५० अंशांवर तापवतात, उंची प्रतीची पिंपांतच वर्षानुवर्षं उबेत ठेवतात. जे काही वाईट व्हायचं ते तिचं आधीच होऊन गेलेलं असतं. विमानाचा धक्का, डिकीतली ऊब, उघडून विसरलेलं बूच, कशानंही तिचं बिघडत नाही. उघडी बाटली महिनोन्‌महिने चालते. दुसरा नंबर टॉनी पोर्टचा, म्हणजे पिंपात मुरवलेल्या पोर्तुगालच्या गोड, मद्यार्क घातलेल्या वाइनचा; उघडल्यावर ती काही आठवडे टिकते. बाटलीतच मुरणारी व्हिंटेज पोर्ट या यादीत बसत नाही: बाटलीत गाळ धरते, प्रवासानंतर उभी ठेवून गाळ बसू द्यावा लागतो, आणि उघडली की एक-दोन दिवसांत संपवायची. घरात चार माणसं जमणार असतील तरच आणा.

नाजूक, कमी सल्फाइटच्या (वाइन टिकवणारा पदार्थ), न गाळलेल्या वाइन शेवटच्या नंबरावर. मळ्यात त्या अप्रतिम लागतात आणि उन्हाळ्यातल्या प्रवासात सगळ्यात आधी दगा देतात.

नियमांचं थोडक्यात: हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा जास्त द्रव बहुतेक विमानतळांवर चालत नाही, बाटल्या चेक-इन सामानातच. विमानवाहतुकीच्या नियमांत २४ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलवर मर्यादा नाही, त्यामुळे वाइन, शेरी, पोर्ट सगळं बसतं. त्यावरच्या, ७० टक्क्यांपर्यंतच्या कडक दारूला माणशी ५ लिटर. कस्टमची करमाफ मर्यादा देशागणिक वेगळी, आणि ती बहुधा यापेक्षा बरीच कमी.

घरी उघडताना

घराची खरी ताकद निवांतपणात आहे. दोन ग्लास शेजारी ठेवून एकाच द्राक्षाच्या दोन वाइन प्यायल्यावर जे कळतं ते सहलीत कळत नाही, कारण सहलीत कालची वाइन आठवणीतच असते. उरलेली अर्धी बाटली दुसऱ्या दिवशी चाखून बघता येते; तरुण, तुरट तांबडी पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच मोकळी होते.

पण तापमान सांभाळा. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड दगडी घरांतला आहे. १६ ते १८ अंश हे तिचं माप, उकाड्यात म्हणजे आधी अर्धा तास फ्रिज. पांढरी ८ ते १२. साठवायला १२-१३ अंश, अंधार, आणि स्वयंपाकघरापासून लांब. एवढी थंड जागा वर्षभर नसेल तर काही महिन्यांत पिऊन होईल तेवढंच आणा. लेकीच्या लग्नासाठी म्हणून पंधरा वर्षं गरम कपाटात ठेवलेली बाटली लग्नात ओतण्यालायक राहत नाही.

आणि बाटली उचलण्यापूर्वी मळ्यात एक प्रश्न जरूर विचारा: तुमची वाइन कोणकोणत्या देशांत जाते? त्यात तुमचा देश असेल तर ती घरी परतून घेता येईल, फक्त लेबलचा फोटो काढा. उत्पादकाचं नाव, गाव आणि साल तिघंही त्यात यायला हवेत. मग बॅगेतली जागा अशा बाटलीला द्या, जी ते फक्त आपल्या दारातच विकतात. अशी एखादी असतेच, थोडकी काढलेली, कुठल्याच यादीत नसलेली. विचारल्याशिवाय ती कुणी पुढे करत नाही.