गंजलेला रंधा: व्हिनेगर की करंट?

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुना लोखंडी रंधा मिळाला, स्टॅनली कंपनीचा 4 नंबर, पातं काढून आत बघितलं तर पेटंटच्या तीन तारखा, शेवटची 19 एप्रिल 1910, म्हणजे साधारण 1910 ते 1918 मधला माल! आता गंज काढायचा कसा?

व्हिनेगर सोपं, किराणा दुकानात मिळतं, पातं नि स्क्रू रात्रभर बुडवा, सकाळी ब्रश मारा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा नि लगेच पुसून तेल. पण ॲसिड ते ॲसिडच, गंज संपला की चांगलं लोखंडही खातं.

म्हणून बॉडीसाठी मी करंटच वापरतो, म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज काढतो. लाकडी मुठी आधी काढायच्या, प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची मायनस रंध्याला, प्लस भंगारातल्या लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. चांगलं लोखंड शाबूत राहतं, चुकून जास्त वेळ राहिलं तरी खड्डे पडत नाहीत. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही निघतो, त्यामुळे हे काम गच्चीवरच करा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. आतला जुना काळा रंग मात्र यात सुटू शकतो, तो चांगला टिकलेला असेल तर मी बादलीत टाकत नाही, रॉकेल नि स्टील वूलने हळूहळू घासतो.