पाच मीटरची लीश: आमच्या बाळूला हीच उपयोगी पडली

बाळू आमच्याकडे आला तेव्हा पाचएक वर्षांचा होता. देशी कुत्रा, तांबूस, नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कातरलेलं. घरात इतका गुणी की पुढ्यात वाटी ठेवली तरी ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. पण रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की मागच्या दोन पायांवर उभा राहून घसा फुटेस्तोवर भुंकायचा.

आधी एक ट्रेनर ठेवला होता. बाळू गुरगुरला की गळ्यातल्या पट्ट्याला हिसका द्यायचा, असं त्यांनी शिकवलं. तीन आठवड्यांत गुरगुरणं थांबलं आणि आम्ही खूश झालो. मग एका संध्याकाळी जिन्यात, तोंडातून आवाजही न काढता, तो खालच्या मजल्यावरच्या पगवर झेपावला. पग वाचला, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ‘लांब राहा’ हे बाळू गुरगुरून सांगत होता, आणि ते सांगणंच आम्ही बंद करून टाकलं होतं.

आमच्या व्हेट मॅडमनी छातीवर बसणारा हार्नेस आणि पाच मीटरची साधी लीश, म्हणजे कुत्र्याला धरून चालायची दोरी, घ्यायला सांगितली. नायलॉनची सपाट पट्टी, बोटभर रुंद, टोकाला फिरता हुक. साडेसहाशेला मिळाली. बटण दाबून गुंडाळली जाणारी घेऊ नका. ती सतत थोडी ओढलेलीच राहते, आणि आपल्याला नको असतो तो हा ताणच. अनोळखी कुत्री मनाप्रमाणे भेटतात तेव्हा सहसा नाकासमोर सरळ चालून येत नाहीत. वळसा घेतात, मध्येच जमीन हुंगतात, मान फिरवतात. आखूड लीशवर बाळूला यातलं काहीच करता येत नव्हतं. मागे सरता येईना, म्हणून तो पुढे झेपावायचा.

शेजारच्या काकूंची जिनी ही म्हातारी, शांत लॅब्रेडॉर. सकाळी सहाला मैदानावर आम्ही दोघी एकाच दिशेने चालायचो, मध्ये चाळीस पावलं सोडून. बाळूचं तोंड मिटलं, कान पुढे आले, त्याने ओठांवरून जीभ फिरवली की तो ताणात आहे हे ओळखून मी तिथूनच बाजूला वळायचे. जिनीकडे बघून तो माझ्याकडे वळला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. पाचव्या दिवशी त्याने ताण झटकल्यासारखं अंग झाडलं आणि गवत हुंगायला लागला. नवव्या दिवशी स्वतःहून वळसा घालून तिच्या मागे गेला. लीश मध्ये झोळीसारखी सैल लोंबत होती. मी मनात तीन मोजले आणि ‘बाळू, चल’ म्हटलं. आला! काकूंचे डोळे भरून आले, माझेही.

काही गोष्टी सांगायलाच हव्यात. ही लीश हार्नेसलाच लावा. गळ्यातल्या पट्ट्याला लावली आणि कुत्रं पळत सुटलं, तर टोकाला पोचताच मानेला जबर झटका बसतो. हाताला गुंडाळू नका. माझ्या करंगळीची साल निघाली आहे. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो. सोसायटीच्या गेटपाशी, लिफ्टमध्ये, गल्लीत ती आवरून धरावी लागते. कोपऱ्यावरची भटकी कुत्री आपली हद्द राखत अंगावर आली तर लीशच्या लांबीने काहीही होत नाही, तिथे आधीच रस्ता बदलायचा. आणि ‘अहो, आमचा फ्रेंडली आहे, काही करत नाही’ म्हणत मोकळा कुत्रा घेऊन येणाऱ्यांना मी आता लांबूनच हात करून थांबवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण हुकासाठी कापला. चार महिन्यांत त्याची स्प्रिंग सैल झाली, मी बदलून घेतला.

जिनीबरोबर बाळू आता खांद्याला खांदा लावून चालतो. नर कुत्र्यांच्या बाबतीत मात्र अजून पंधरा पावलांच्या आत त्याला चालत नाही, आणि आम्हीही त्याला तेवढ्या जवळ नेत नाही.