खाणीवरची नोकरी, अकरा महिन्यांनंतर: पगार ठीक, बुटांचं मात्र विचारू नका

परवा पुण्याच्या कन्सल्टन्सीतून मेसेज आला. "सर, तुमचं दोन वर्षांचं प्रीमियम पॅकेज या महिन्यात संपतंय. रिन्यू केल्यास २० टक्के सूट." मी तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा या खाणींच्या भागात, ४३ अंशांत, कन्व्हेयरच्या फाउंडेशनचे अँकर बोल्ट मोजत होतो. ज्या नोकरीसाठी ते पॅकेज घेतलं, ती करत होतो आणि ती त्यांनी मिळवून दिलेली नव्हती. डोकं फिरलं, म्हणून हा रिव्ह्यू.

पॅकेज १,४५,००० रुपयांचं. त्यात सीव्ही, कव्हर लेटर, "एम्प्लॉयर डेटाबेस" आणि इंग्रजीची तयारी. व्हिसा, असेसमेंट वगैरे शब्द तुम्हाला माहीत असतील असं धरून चालतो. मी चंद्रपूरकडे कोळसा हाताळणीच्या प्लांटवर नऊ वर्षं काढली होती, हुद्दा कन्स्ट्रक्शन मॅनेजर. त्यांनी बनवलेला सीव्ही सहा पानांचा होता. वर फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, शेवटी "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" आणि सही. तो साठेक ठिकाणी पाठवला. उत्तरं शून्य.

मग त्यांचा दुसरा फोन. "स्पॉन्सर तयार आहे, पण सरकारी लेव्हीतला तुमचा वाटा भरावा लागेल, चार लाख." स्पॉन्सर म्हणजे जिच्या नावावर व्हिसा मिळतो ती कंपनी. इथे कान टवकारा. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं बेकायदा आहे, आणि स्किलिंग ऑस्ट्रेलियन्स फंड या प्रशिक्षण निधीची ती लेव्ही, म्हणजे सरकारी आकार, कंपनीनेच भरायची असते, कामगाराच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडेही नोंदणीकृत भरती एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटांची यादी बघता येते. मी बघितली, पण पैसे भरल्यावर. यांचं नाव त्यात नव्हतंच. "आम्ही भरती करत नाही, सल्ला देतो," असं उत्तर मिळालं. मग सल्ला दीड लाखाचा आणि स्पॉन्सर चार लाखांचा कसा, याचं उत्तर अजून यायचंय.

नोकरी कशी मिळाली ते सांगतो. चंद्रपूरला कन्व्हेयर बेल्ट चालू करून देणारा एक कमिशनिंगवाला माझ्याबरोबर पाच महिने होता. तो पुढे पर्थला गेला होता. त्याला फोन केला. त्याने पहिलीच गोष्ट सांगितली, "सीव्ही दोन पानांत बसव. काँक्रीट किती घनमीटर, स्टील किती टन, हाताखाली माणसं किती, अपघाताविना तास किती, एवढंच लिही. बाकी सगळं काढ." काढलं. तीन आठवड्यांत इंटरव्ह्यू.

आणि इथे मला माझंच एक मत बदलावं लागतं. कन्सल्टन्सीने मला सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामाचा लेखी अहवाल, करायला लावला होता. इंजिनिअरांची पात्रता तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेसाठी तीन करिअर एपिसोड, प्रत्येक हजार ते अडीच हजार शब्दांचा. तयार मजकूर देऊ म्हणाले होते. मी नको म्हटलं, कारण चोरीचा मजकूर पकडला गेला तर बंदी येते, आणि दुसरं कारण म्हणजे त्याचे ते वेगळे २५,००० मागत होते. रात्री जागून स्वतः लिहिला आणि रोज शिव्या घातल्या. पुढे कळलं, माझ्या ४८२ व्हिसाला, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसाला, तो लागणारच नव्हता. पण इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "एखादं काम फसलं ते सांगा." कोळशाची वॅगन उलटी करणाऱ्या टिपलरचा खड्डा, पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी, तीनपैकी दोन पंप बंद, रात्री दोनला शटरिंग तरंगायला लागलेलं. सगळं पाठ होतं, कारण महिनाभर तेच लिहीत होतो. तेव्हा सीडीआरबद्दलच्या शिव्या मागे घेतो. पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, तो लागेलही. कन्सल्टन्सीबद्दलच्या घेत नाही.

आता बूट.

निघण्यापूर्वी रविवार पेठेतून १,८५० रुपयांचे सेफ्टी बूट घेतले. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का, स्टीलची टोपी, वास जरा उग्र पण टणक. मनात हिशेब साधा होता, तिकडे डॉलरमध्ये कशाला घ्यायचे. पंधरा दिवस साइटवर वापरून मऊ केले आणि बॅगेत टाकले. पर्थ विमानतळावर कार्डावर प्रश्न होता, माती लागलेली पादत्राणं आहेत का? आहेत म्हणून खूण केली. न सांगता पकडलं तर दंड, सांगितलं तर फक्त तपासणी. बाईंनी दोन्ही बूट हातात घेतले, तळव्याच्या खाचेत टोकदार काहीतरी फिरवलं आणि चंद्रपूरची काळी माती टेबलावर पाडली. मग बूट आत नेले. वीस मिनिटांनी स्वच्छ धुतलेले, ओले, पिशवीत घालून परत दिले. एवढी सेवा मला कन्सल्टन्सीकडून दोन वर्षांत मिळाली नाही.

तेच बूट घालून साइटवरच्या पहिल्या सकाळी उभा राहिलो. सुपरवायझरने खाली बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली, माझी नव्हे, बुटाची, आणि आतला शिक्का वाचला. "इथे ऑस्ट्रेलियन मानकाचा, एएस २२१०.३ चा शिक्का लागतो." स्टोअरमधून घोट्यापर्यंतचे, लेस आणि बाजूला चेन असलेले बूट दिले. फुकट. म्हणजे १,८५० रुपये, बॅगेतलं दोन किलो वजन आणि बायकोचं "कशाला नेताय" हे सगळं वाया. गेले अकरा महिने ते बूट पर्थच्या खोलीत पलंगाखाली आहेत. टाकवत नाहीत.

असो, नोकरी. भारतात मी मॅनेजर होतो, इथे सुपरवायझर. वाईट वाटून घेऊ नका. इथली शिडी लीडिंग हँड (म्हणजे मुकादम), सुपरवायझर, सुपरिंटेंडंट, मग कन्स्ट्रक्शन मॅनेजर अशी आहे, आणि बाहेरून येणाऱ्याला वरच्या पायरीवर सहसा कोणी उभं करत नाही. जाहिरातीत "मॅनेजर" शोधत बसलात तर वर्ष जाईल. मी तसं घालवलं.

पगाराबद्दल सगळेच वार्षिक आकडा सांगतात आणि तिथेच फसतात. माझा आकडा सांगत नाही, उदाहरण घ्या. समजा १,६०,००० डॉलर. रोस्टर दोन-एक, म्हणजे चौदा दिवस काम, सात दिवस सुटी. दिवस बारा तासांचा. तीन आठवड्यांत १६८ तास, वर्षाला, रजा न धरता, सुमारे २,९००. ताशी ५५ डॉलर पडले. पर्थच्या ऑफिसात आठवड्याला ३८ तास बसून १,०८,००० मिळवणाऱ्याचाही ताशी दर जवळपास तोच. मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा दोघांनी फोन काढून गुणाकार करून बघितला.

कर २०२५-२६ च्या दरांनी त्या १,६०,००० वर ४०,५३८ डॉलर. वर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची लेव्ही २ टक्के. पण ज्याला मेडिकेअरचा हक्कच नाही त्याने तसं प्रमाणपत्र मागवलं तर ती माफ होते. ३,२०० डॉलरचा प्रश्न आहे, एक फॉर्म भरायचा. माझ्या ओळखीच्या दोघांनी कंटाळा केला. त्यांच्याशी मी पैशांवर बोलत नाही.

पहिले तीन महिने या रोस्टरचा मला राग होता. सव्वाचारचा गजर, मेसमध्ये डबा भरायचा, इथे त्याला क्रिब म्हणतात, गेटवर फुंकर मारून दारू शून्य दाखवायची, मग प्रीस्टार्ट, म्हणजे कामाआधीची बैठक. डोंग्यात, म्हणजे आपल्या पोर्टेबल खोलीत, एसी एकतर बर्फ पाडतो नाहीतर बंद असतो. आता मत जरा नरम झालंय. खाणं, खोली, साइटचं विमान कंपनीचं, त्यामुळे चौदा दिवस खिशातून दमडी जात नाही. पर्थमधलं घरभाडं मात्र आठवड्याच्या हिशेबाने चालूच राहतं, तुम्ही घरी असा वा नसा. म्हणून एका सांगलीकराबरोबर खोली वाटून घेतली आहे. आमची सुटी जुळत नाही, हे दोघांच्याही फायद्याचं.

कामाचं म्हणाल तर काँक्रीट तेच, ऊनही चंद्रपूरचंच. उन्हाळ्यात रात्री ओततो, काँक्रीट ३५ अंशांवर गेलेला ट्रक परत पाठवतो. फरक दुसरीकडे आहे. जूनमध्ये एका बावीस वर्षांच्या हेल्परने माझी लिफ्ट, म्हणजे क्रेनची उचल थांबवली, टॅगलाइन (वजन सांभाळायची दोरी) एकच होती म्हणून. क्रेन उभी, आठ माणसं उभी, चाळीस मिनिटं गेली. माझ्या तोंडाशी चंद्रपूरची भाषा आली होती. संध्याकाळी सुपरिंटेंडंटने सगळ्यांसमोर त्या पोराचं कौतुक केलं, मला काहीच बोलला नाही. मला ते लागलं. चंद्रपूरला आम्ही कामाआधी घ्यायची कितीतरी सुरक्षा परमिट काम संपल्यावर सह्या करून फायलीत लावत होतो, हे त्या रात्री पहिल्यांदा मोजून बघितलं. आकडा इथे लिहीत नाही.

येऊ घातलेल्यांसाठी दोन कोरड्या गोष्टी. ७ डिसेंबर २०२४ पासून ४८२ हा स्किल्स इन डिमांड व्हिसा आहे, एक वर्षाचा संबंधित अनुभव पुरतो, आणि १ जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी त्याच्या कोअर, म्हणजे मुख्य गटाला किमान पगार ७६,५१५ डॉलर ठरला होता. कोणी त्याहून कमी देऊन "पुढे वाढवू" म्हणत असेल तर फोन ठेवा. नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात.

कन्सल्टन्सीला मी उत्तर दिलं, पैसे परत करा. त्यांनी पॅकेजची अट क्रमांक १४ पाठवली. मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून माझ्या घरच्या जिल्ह्यात, नागपूरला. मुदत दोन वर्षांची, ती भरत आली होती. त्यांच्या "२० टक्के सूट" मेसेजमुळेच तारीख आठवली, एवढं श्रेय देतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरचा फोन आला, ४०,००० मध्ये मिटवू का. मी क्रिबवर होतो. म्हटलं, १,४५,००० आणि वर १,८५०. तो म्हणाला, १,८५० कशाचे? म्हटलं, तुमच्या प्रस्थान-यादीत सातव्या क्रमांकावर लिहिलंय, "सेफ्टी शूज भारतातूनच न्यावेत."